मोटारसायकल : चालवत न्यावी की वाहून न्यावी?

पावसाळा सरल्यावर एखाद्या सकाळी पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीच्या फाट्याशी घटकाभर उभे राहून पाहा. एक मोटारसायकलवाला येईल. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पिशव्या लटकावलेल्या, त्यांवर गुंडाळलेला तंबू, अंगात जाड जाकीट, आणि इंजिनाचा आवाज पार उचगावापर्यंत जावा असा. थोड्या वेळाने एक लहान टेम्पो येईल, ज्याला आपल्याकडे लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. त्याच्या हौद्यात अगदी तशीच मोटारसायकल चहूबाजूंनी दोरांनी आवळून उभी केलेली असेल आणि तिचा मालक ड्रायव्हरशेजारी बसून केळे सोलत असेल. दोघांनाही एकाच गावी जायचे असते. पुढे चहाच्या गाड्यावर दोघांची गाठ पडली, की वादाला तोंड फुटते.

पहिला म्हणतो, "गाडी माणसाला न्यायला असती, का माणसानं गाडीला न्यायची असती?" दुसरा म्हणतो, "तुझं बरं हाय गड्या, तुला रजेचं टेन्शन न्हाई. मला सोमवारी कामावर जायाचं हाय." पहिला त्याला हौशी म्हणतो, दुसरा पहिल्याला हट्टी म्हणतो. चहा संपतो, वाद तसाच राहतो.

हा वाद नव्या यंत्राचा आणि नव्या पोरांचा आहे असे तुम्हांला वाटेल. पण त्याची मुळे फार जुनी आहेत, आणि ती शोधायला परदेशी जाण्याचेही कारण नाही. आपल्या कोल्हापूर संस्थानातच वेगाने धावणारी दोन जनावरे पदरी होती, आणि त्या दोघांना माळावर नेण्याच्या रीती अगदी उलट होत्या.

पहिले जनावर चित्ता. राजर्षी शाहू महाराजांच्या आणि त्यांच्यामागून राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूरची चित्त्यांची शिकार सगळ्या हिंदुस्थानात नावाजलेली होती. चित्ते सांभाळणारी, त्यांना शिकवून तयार करणारी घराणी इथे होती. आपल्या देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतूनही चित्ते आणवले गेले. आता चित्ता हा जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी खरा, पण त्याला दम अगदी थोडा. तीन-चारशे मीटरांची एक झेप, मिनिटाच्या आतबाहेरचा खेळ, आणि मग तो धापा टाकीत बसतो. अशा जनावराला शहरापासून शिकारीच्या माळापर्यंत पायी चालवत नेले तर काळवीट दिसायच्या आधीच त्याचा जीव थकायचा. म्हणून चित्त्याला गाडीतून नेत. डोळ्यांवर कातड्याची टोपी, गळ्यात पट्टा, शेजारी त्याचा माणूस. गाडीला काळवीट बुजत नसत, त्यामुळे कळपाच्या बरेच जवळ जाता येई. मग टोपी काढायची, पट्टा सोडायचा. सगळा प्रवास बसून आणि शेवटची झेप तेवढी स्वतःच्या पायांनी. याला कोणी चित्त्याचा आळस म्हटले नाही.

चित्त्याचे नशीबच काही असे आहे. १९५२ साली तो भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडले, तेही विमानातून!

दुसरे जनावर घोडा. त्याची गोष्ट निराळी. मराठ्यांच्या घोडदळाची सारी ताकद मजलीत होती. मजल दरमजल करीत, दिवसाला ठरलेली वाट तोडीत, मिळेल त्या गवतावर आणि मिळेल त्या पाण्यावर हे सैन्य शेकडो कोस जाई. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडीचे तट्टू दिसायला काही अरबी घोड्यासारखे देखणे नव्हे, पण त्याचे खूर आणि त्याची छाती लांब वाटेसाठीच घडलेली. तो घोडा लढाईपुरता नव्हता, वाटेसाठीही होता. वाटेतले ओढे, उतार, चोरवाटा, कुठल्या गावच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते, हे स्वाराला कळे ते त्याच घोड्याच्या पाठीवर बसून कळे. शाळेतल्या गुरुजींनी नकाशावर मराठ्यांच्या स्वाऱ्या दाखवताना दोन गावांमधली रेघ बोटाने भराभर ओढू नये, जरा सावकाश ओढावी. कारण मराठ्यांचे सामर्थ्य त्या रेघेत होते, टोकांच्या ठिपक्यांत नव्हते.

त्यातही एक खोच आहे, आणि आजच्या वादाला ती नेमकी लागू पडते. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा पडला तर सरकार दुसरा देई. शिलेदाराचा घोडा पडला, की त्याचे भांडवलच बुडाले, पोट गेले आणि गावातली पतही गेली. त्यामुळे घोडा जपण्याकडे शिलेदाराचा कल असायचा, आणि ऐन मारगिरीत तो हात राखून वागतो असा दोष त्या पद्धतीला इतिहासकारांनी दिलेला आहे. इंग्रजांनीही आपल्या देशी घोडदळात ही शिलेदारी कित्येक वर्षे चालवली आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, ती मोडीत काढली. युद्धात घोडे धडाधड मरू लागल्यावर एकट्या स्वाराने नवा घोडा कुठून आणायचा?

आता शिरोलीच्या फाट्यावरच्या त्या दोघांकडे पुन्हा पाहा. ज्याने पतपेढीचे कर्ज काढून, घरच्यांची बोलणी खाऊन मोटारसायकल घेतली आहे, तो शिलेदार आहे. तो गाडी टेम्पोत घालतो तेव्हा त्याला भित्रा म्हणण्याआधी तिचे हप्ते कोण फेडतो हे विचारावे.

आणि स्वतः वाहून नेले जाण्यात कमीपणा असतो हेही आपला इतिहास सांगत नाही. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ते पालखीतून, असेच परंपरा सांगते. एक पालखी खरी, आणि दुसरीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद. आयुष्य घोड्यावर काढलेल्या पुरुषाने त्या रात्री घोडा का घेतला नाही? पन्हाळ्याकडून पावनखिंडीकडची वाट ज्याने आषाढात चालून पाहिली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. गुडघाभर चिखल, जळवा, धुके, आणि खिंकाळण्याचा आवाज शत्रूच्या चौकीपर्यंत जाण्याची भीती. तिथे माणसाचे पायच कामाचे होते. ज्या रात्री जे साधन, ते घेतले.

पुढे आगगाडी आली आणि या सगळ्या प्रकरणाला वेगळे वळण लागले. मिरज-कोल्हापूर रेल्वेची पायाभरणी १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाली. ते तेव्हा किशोरवयातच होते. १८९१ साली गाडी सुरू झाली. संस्थानाने आपल्या खर्चाने बांधलेला हा रस्ता. आगगाडीने माणसे आणि गूळ तर नेलाच, पण घोड्यांसाठी स्वतंत्र डबेही असत. ठाणबंद खण, चारा ठेवायला जागा, आणि शेजारी मोतद्दाराला बसायला फळी. शर्यतीचा घोडा एकदा डब्यात बसू लागला, तो पुन्हा वाटेने चालला नाही. चित्त्याचा न्याय त्याला लागू झाला. अंगात असेल नसेल तेवढी धाव मैदानासाठी राखून ठेवायची. कामाचा घोडा, टांग्याचा घोडा मात्र रस्त्यावरच राहिला.

हीच फाळणी आपल्या बैलांच्या बाबतीत झालेली तुम्ही रोज पाहता. वडगावच्या बाजाराला बैल पायी नेण्याचे दिवस जुन्या माणसांना आठवत असतील. रात्री निघायचे, पायांना पत्र्या मारलेल्या, पहाटे बाजारात. उसाच्या गाडीचा बैल आजही डांबरी रस्त्याने कारखान्यापर्यंत ओझे ओढत जातो. पण शर्यतीचा बैल? तो पिकअपमधून येतो, खाली भाताचे काड अंथरलेले, वर ताडपत्री. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झालेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून तर अशा गाड्यांची रीघच लागते. त्या बैलाच्या मालकाला "बैल चालवत का आणला नाहीस?" असे विचारून पाहा. तो तुमच्याकडे बघून हसेल.

आता मोटारसायकलीकडे येऊ. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या मोटारसायकली 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या. बीएसए, नॉर्टन, एरियल असली विलायती नावे आपल्या मिस्त्री मंडळींच्या तोंडी बसली ती तेव्हापासून. १९४९ पासून बुलेट भारतात विकली जाऊ लागली. पुढे लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट मागवल्या, आणि १९५५ साली मद्रासला त्या जुळवण्याचा कारखाना निघाला. १९६१ पासून म्हैसूरची जावा रस्त्यावर आली. तिची किक आणि गिअर एकाच दांड्याचे, त्यामुळे नवख्याची फजिती ठरलेली. बुलेटची तऱ्हा तर विचारूच नका. आधी अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग हँडलजवळचा छोटा खटका दाबून इंजिनातला दाब सोडायचा, मग किक. यात चूक झाली, की किक उलटी येऊन नडगी फुटायची.

त्या काळी गाडी वाहून न्यायची म्हटले तरी सोय कुठे होती? कोल्हापूरची रेल्वे मीटर रुळांची, पुण्यापुढची मुंबईची ब्रॉडगेज. १९७१ साली कोल्हापूरपर्यंत मोठे रूळ येईतो मुंबईला पाठवलेला प्रत्येक डाग पुण्याला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पुण्याच्या फलाटावर आपली मोटारसायकल कोण कशी उचलतो आणि कशी आपटतो, हे कोल्हापुरात बसून कोणाला दिसणार? शिवाय नव्या दुचाकीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागण्याचा तो काळ. इतक्या वाटेने हाती आलेली वस्तू हमालाच्या स्वाधीन करायला मन धजावत नसे. लोक चालवतच नेत, कारण तेच सर्वांत सुरक्षित वाटे. आजच्या उलट!

त्यातून एक गोष्ट घडली. चालवणारा प्रत्येक जण अर्धा मिस्त्री झाला. सीटखालच्या पेटीत एक जादा प्लग, क्लचची वायर, साखळीची कडी, पान्हे आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचाच. खंबाटकीच्या चढाला गाडी धापा टाकू लागली, की प्लग काढून घासायचा. पॉइंट जळले, की रस्त्याकडेला बसून ते साफ करायचे. आणि गावी परतल्यावर झिजलेला बुश उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर फिरवून घ्यायचा. आपल्या शिवाजी उद्यमनगराने शेतीची इंजिने नि ओतीव सुटे भाग करून नाव मिळवले हे खरे, पण तिथल्या कारागिरांच्या हाताखालून गेलेल्या मोटारसायकली मोजल्या तर तोही एक मोठा इतिहास होईल. तो कोणी लिहिलेला नाही.

विलायतेतही सुरुवात अशीच होती. १९०७ साली 'आईल ऑफ मॅन' नावाच्या बेटावर मोटारसायकलींची जी प्रसिद्ध शर्यत सुरू झाली, तिचे नावच 'टूरिस्ट ट्रॉफी', म्हणजे प्रवाशांचा करंडक. शर्यतीची गाडी रोजच्या रस्त्यावरची हवी असा नियम. चिखलपंखे हवेत, आवाज दाबणारी नळी हवी, पेट्रोलही मोजून मिळायचे. दोन सिलिंडरच्या गटात जिंकलेल्या रेम फाउलरचे टायर वाटेत फुटले आणि ते त्याने स्वतःच दुरुस्त करून शर्यत पुरी केली. यंत्राने आणि माणसाने वाटेवर टिकून दाखवावे, हा त्या शर्यतीचा हेतू. अर्थात बेट म्हटल्यावर तिथे जायला बोट आलीच. "मी गाडी कधीही दुसऱ्या वाहनात घालणार नाही" असे व्रत घेणाऱ्यालाही समुद्र काही रस्ता देत नाही. रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण १९३२ साली लंडनहून मोटारसायकलीवर जगप्रवासाला निघाला, आपल्या देशातूनही गेला. पण समुद्र लागला तिथे तोही आपली गाडी जहाजावर चढवूनच पुढे गेला.

हळूहळू शर्यतीची गाडी वेगळी झाली आणि रस्त्याची वेगळी. शर्यतीच्या गाडीचा दिवा गेला, आरसे गेले, नंबराची पाटी गेली. मातीच्या मैदानावर उड्या मारणाऱ्या अशा गाडीला आपल्याकडे रस्त्यावर चालवण्याची मुभाच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ३९ वे कलम नोंदणीशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणू देत नाही. तिला मैदानापर्यंत टेम्पोतच न्यावे लागते. तिथे वादाला जागा नाही. जुन्यापान्या, संग्रहात ठेवलेल्या गाड्यांचेही तसेच. आपल्या राजाराम महाराजांची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्याला राजवाड्यातून निघते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक तिला बघायला उभे असतात. तेवढे अंतर ती आपल्या चाकांनी जाते. पण उद्या कोणी म्हणेल, की ती पुण्यापर्यंत चालवत न्या, तर तो तिचा शत्रूच म्हणायचा.

खरा वाद आहे तो याच्या मधल्या गाडीचा. धडधाकट, नोंदलेली, रस्त्यासाठीच बनवलेली मोटारसायकल, आणि जायचे ठिकाण लांब. अमेरिकेत स्टर्जिस नावाच्या छोट्या गावी १९३८ पासून मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरते. तिथे कितीतरी जण मोटारीमागे चाकांचा गाडा जोडून त्यावर मोटारसायकल आणतात, गावाबाहेर उतरवतात आणि मिरवत आत शिरतात. चालवत आलेले त्यांना हसतात. आपल्या शेजारी गोव्यात २०१३ पासून 'इंडिया बाइक वीक' भरू लागला, तेव्हा हाच तमाशा आपल्याही दारी आला. कोल्हापूरकराला आजरा-आंबोलीवरून गोवा म्हणजे एका दिवसाची रपेट. तो चालवतच जातो आणि वर ऐट मारतो. पण दिल्ली-कलकत्त्याचा माणूस गाडी ट्रकने पुढे पाठवतो आणि स्वतः विमानाने येतो. त्याला हसण्याआधी कोल्हापूरकराने स्वतःला लडाखला जायचे असले म्हणजे आपण काय करतो ते आठवावे.

कारण लडाखचे नाव निघाले, की आपल्याच तालमीत, आपल्याच कट्ट्यावर दोन तट पडतात. कोल्हापूरहून दिल्ली सतराशे किलोमीटरांच्या आसपास. तिथून पुढे मनाली, आणि मग सतरा हजार फुटांहून उंच खिंडी. चालवत जायचे तर पहिले चार-पाच दिवस सपाटीवरच जातात, येतानाही तितकेच. पंधरा दिवसांच्या रजेत हे बसवायचे कसे? म्हणून बरेच जण गाडी रेल्वेने दिल्लीला किंवा चंदीगडला धाडतात आणि खरा डोंगर तेवढा चालवतात. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. सरळ महामार्गावर मैलोन्‌मैल पळून टायर मधोमध सपाट घासतो, आणि तोच टायर मग घाटातल्या वळणावर नीट धरत नाही. साखळी ताणते. माणूसही डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेतो शिणलेला असतो.

दुसरा पक्ष म्हणतो, की गाडीतला दोष कराडजवळ कळलेला बरा, का जिथे पन्नास मैलांत मिस्त्री नाही अशा खिंडीत? सपाटीचे चार दिवस म्हणजे गाडीची परीक्षा. कुठला नट सैल होतो, तेल किती खाते, क्लच कुठे घसरतो हे तेव्हाच समजते. उंचावर हवा विरळ झाली, की कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोल जास्त घेऊन घुसमटू लागते. तेव्हा आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज कसा असतो हे ज्याच्या कानात बसले आहे, त्यालाच फरक कळतो. हा मुद्दा मला पटतो. रेल्वेतून उतरवलेल्या गाडीवर बसून थेट डोंगर चढणारा स्वार म्हणजे पागेतून परका घोडा घेऊन निघालेला बारगीर.

पण एक आकडा सांगतो, तो दोन्ही पक्षांनी ऐकावा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे एका वर्षात पाऊण लाखाच्या घरात. यांतले बहुतेक काही लडाखला निघालेले नव्हते. दूध घालायला, कामावर, बाजाराला, लग्नाला निघालेले होते. तरी जो बाप मुलाला म्हणतो, "महामार्गानं रात्रीचा जाऊ नकोस, गाडी टेम्पोत घाल, मी पैसे देतो," त्याला मर्दुमकीच्या गोष्टी ऐकवू नयेत. ट्रकांच्या रांगेतून रात्री गाडी हाकण्यात काही शौर्य नाही. चालवतच जायचे असेल तर दिवसा जावे, शिरस्त्राण बांधून जावे, आणि मजल लहान ठेवावी. पूर्वीचे स्वारही घोड्याला रोज ताणत नसत.

मला विचाराल तर माझा कौल चालवणाऱ्याकडे झुकतो, पण त्याचे कारण ऐट नव्हे. वाहून नेलेल्या गाडीच्या मालकाला दोन गावे कळतात, निघालो ते आणि पोहोचलो ते. मधला मुलूख त्याच्या हिशेबातच येत नाही. चालवणाऱ्याला पंक्चरवाला भेटतो, पाऊस आला म्हणून देवळाच्या ओसरीवर तासभर थांबावे लागते, भाषा कुठल्या नाक्यावर बदलली ते कानाला कळते. आपल्या महामार्गाकडेच्या किती गावांचे पोट अशा थांबणाऱ्यांवर चालते! दोन चाकांवरचा माणूस थांबतो, चार चाकांवरचा काच वर करून पुढे जातो. एवढा एक फायदा सोडला तर बाकी सारे ज्याच्या त्याच्या रजेवर, खिशावर आणि पाठीच्या मणक्यावर अवलंबून आहे. साठीच्या गृहस्थाने तरुणपणची जावा टेम्पोतून गोव्याला नेली आणि तिथल्या किनाऱ्याच्या रस्त्यावर चार दिवस फिरवली, तर त्याने काय गमावले? काहीच नाही. त्याने चित्त्याचा मार्ग धरला, इतकेच.

मात्र वाहून न्यायचीच असेल तर नीट न्यावी, कारण यात लोक फार हलगर्जी करतात. टेम्पोत गाडी बाजूच्या स्टँडवर तिरकी उभी करून बांधू नये. खड्ड्यात टेम्पो आदळला, की सगळे वजन त्या एका दांड्यावर येते आणि तो वाकतो. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी, पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या फळीला टेकवावे, हँडलच्या खालून दोन्ही अंगांना दोर घेऊन पुढचे शॉकअप थोडे दबतील इतके ताणावे. मागच्या चाकालाही दोन्हीकडून ताण द्यावा. जिथे दोर पत्र्याला घासतो तिथे गोणपाटाचा तुकडा ठेवावा. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर टेम्पो थांबवून दोर पुन्हा आवळावेत, कारण पहिल्या धक्क्यांत ते सैल पडतातच.

रेल्वेने पाठवायची तर आणखी तयारी हवी. गाडीच्या नोंदणीपुस्तकाची प्रत आणि ओळखपत्र लागते. तुम्ही त्याच गाडीने जाणार असाल तर तिकिटावर 'लगेज' म्हणून नोंदता येते, नाहीतर 'पार्सल' म्हणून. भाताचा पेंढा आणि गोणपाट गुंडाळून दिवा, आरसे, टाकी झाकून घ्यावी, आणि कोठून कोठे ते ठळक लिहिलेली पाटी बांधावी. आणि टाकीतले पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढावे लागते. आगगाडीत ज्वालाग्राही पदार्थ नेता येत नाही, म्हणून पार्सल कचेरीत टाकीचे झाकण उघडून पाहतात, वासही घेतात. दोन दिवसांनी गाडी पोहोचल्यावर गोणपाट फाडून ती बाहेर काढली, की तिच्यात पेट्रोल कुठले? मग दिल्लीच्या उन्हात स्टेशनाबाहेर आपला कोल्हापूरचा गडी पावणेदोनशे किलोची बुलेट हाताने ढकलत, "भाईसाब, पंप किधर है?" असे विचारत निघतो.